मदत हवी आहे: डी अँड डीमध्ये ओझं, जखमा, मशाली किती खऱ्याखुऱ्या ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा पाच जणांचा गट दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कल्पित साहसांचा खेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले. बोलणं सगळं मराठीत. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम चालवणारा, मी. गेली तीन सेशन्स खेळ रटाळ होतोय, आणि कारण मी आणलेले नियमच आहेत, म्हणून विचारतोय.

सुरुवात ओझ्यावरून झाली. पुस्तकाप्रमाणे पात्राच्या स्ट्रेंग्थच्या, म्हणजे ताकदीच्या आकड्याच्या, १५ पट पौंड वजन वाहता येतं. आमच्या फायटरची, म्हणजे लढवय्या पात्राची, स्ट्रेंग्थ १६, म्हणजे २४० पौंड, जवळपास १०९ किलो, आणि चालण्याचा वेग जराही कमी होत नाही! तो खेळाडू सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. म्हणाला, "पंधरा किलोची सॅक घेऊन राजगड चढून बघ, मग बोलू." मला पटलं. पुस्तकातलाच पर्यायी नियम लावला: पाचपटीच्या वर गेलं की वेग १० फुटांनी कमी, दहापटीच्या वर २० फुटांनी, शिवाय डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा.

वाचायला छान. पण आमच्या विझार्डची, म्हणजे जादूगार पात्राची, स्ट्रेंग्थ ८, म्हणजे मर्यादा ४० पौंड, आणि दोर, मशाली, दहा दिवसांचा शिधा असलेला एक्स्प्लोरर्स पॅकच ५९ पौंडांचा. मग काय, दर सेशनला अर्धा तास बेरजा. पन्नास नाणी म्हणजे एक पौंड, त्यामुळे परवा खजिना सापडला तेव्हा आनंद होण्याआधी सगळ्यांनी भागाकार केला. मला फार वाईट वाटलं.

दुसरा नियम माझा घरचा: वीस पैलूंच्या फाशावर १ पडला की शस्त्र हातून निसटतं. फायटर पाचव्या लेव्हलला पोचला, फेरीत दोन वार करू लागला, आणि आधीपेक्षा जास्त वेळा तलवार पाडू लागला. हिशोब केला. एका वाराला ५ टक्के, दोन वारांना ९.७५, विसाव्या लेव्हलच्या चार वारांना साडेअठरा टक्के. म्हणजे जितका कसलेला योद्धा तितका धांदरट. हा नियम मी काढून टाकला आहे, त्यावर चर्चा नको.

राहिली झोप. आठ तास झोपलं की सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं ते मोजणारे गुण, परत, हे मला खटकतं. 'ग्रिटी रिअ‍ॅलिझम' पर्यायात छोटी विश्रांती ८ तासांची आणि मोठी ७ दिवसांची असते. तो लावला तर वापरलेले मंत्र परत मिळेपर्यंत विझार्ड आठवडाभर मंत्रांविना बसून राहते.

मला वास्तवपणा सोडायचा नाही. पहिल्या मोहिमेत भुयारात शेवटची मशाल उरली होती तेव्हा टेबलावर कुणी बोलत नव्हतं. त्या शांततेसाठी मी डीएम झालो. ती भीती हवी आहे, वह्या नकोत. तुम्ही कसं जमवता?

प्रतिसाद १
पौंड सोडा, जागा मोजा. 'शॅडोडार्क' या अशाच दुसऱ्या खेळात स्ट्रेंग्थ किंवा १०, जे जास्त असेल तेवढ्या सामानाच्या जागा मिळतात. तुमच्या विझार्डला १० मिळतील. कॅरेक्टर शीटवर तेवढ्या ओळी आखा; ओळी भरल्या की हात भरले. बेरीज संपली, पण "दोर टाकू की शिधा?" हा प्रश्न उरतो, आणि खरी मजा त्यातच आहे. मशालीसाठी त्याच खेळातली युक्ती: टेबलावर खराखुरा एक तासाचा टायमर. बाणांसाठी 'ब्लॅक हॅक' या आणखी एका खेळातला फासा घ्या. लढाई संपली की टाका, १ किंवा २ आला तर पुढच्या वेळी लहान फासा. चार पैलूंच्या फाशावरही १-२ आला की भाता रिकामा.

प्रतिसाद २
झोपेबद्दल. हिट पॉइंट म्हणजे फक्त रक्तमांस नव्हे. कसब, नशीब, दम हे सगळं त्यात येतं, असं डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनेच १९७९ च्या डीएम मार्गदर्शिकेत लिहिलंय. तेव्हा आठ तासांत दम परत आला तर बिघडलं कुठे? खरी जखम शून्यावर गेल्यावर धरा. आमच्याकडे शून्यावर गेलेल्याला थकव्याची म्हणजे एक्झॉशनची एक पायरी लागते. मोठ्या विश्रांतीत एकच पायरी उतरते, तीही खायला-प्यायला असेल तर. सहाव्या पायरीला मृत्यू. त्यामुळे शिधा आपोआप महत्त्वाचा होतो.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. शिधा आणि थकव्याचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. या शनिवारी जागा, टायमर आणि थकवा तिन्ही लावतो. एकच शंका: आमचे लोक दार उघडायचं की नाही यावर वीस मिनिटं वाद घालतात. तेवढा वेळ टायमर थांबवायचा का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. अंधारात दारापुढे उभं राहून वाद घातला तर मशाल जळणारच. फक्त नियम समजावून सांगताना थांबवा.