शब्दचर्चा : डूम मेटलमधलं 'हेवी' म्हणजे भारी, जड, की आणखी काही?

सोयाबीन शेंगांवर आलं की आमच्याकडे डुकरांपायी जागल करावी लागते. परवा मचाणावर माय डाइंग ब्राइड या इंग्लिश बँडचा १९९३ चा 'टर्न लूज द स्वान्स' हा डूम मेटलचा, म्हणजे हेवी मेटलच्या संथ, काळोख्या प्रकारातला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. सातच गाणी, पण एकेक लांबलचक. सकाळी भाच्यानं विचारलं, "कसा हाय, मामा?" "भारी आहे" म्हणालो आणि मलाच ते खटकलं. मोबाइल भारी असतो, लग्न भारी असतं. इथे तारा सैल सोडून खालच्या सुरात उतरवलेल्या गिटारी, विलंबित लय, खर्जातून घरघरत येणारा आवाज आणि त्यावर एकटं व्हायोलिन. इंग्रजीत याला 'हेवी' म्हणतात; मराठीत काय म्हणावं, सुचवा. 'उदास संगीत' म्हटलं तर फारच पातळ वाटतं.

•

जड म्हणा. संस्कृतात जड म्हणजे थंड, बधिर, हालचाल नसलेलं. जड-चेतन ही जोडी त्यातूनच आली. मराठीत त्याला वजन चिकटलं आणि मग ते मनापर्यंत गेलं : जड पावलांनी, जड अंतःकरणानं. तुम्ही सांगताय त्या संगीतात बधिरपणाही आहे आणि वजनही, म्हणून हाच शब्द बसतो.

उदास तर मुळात वेगळाच शब्द. उद् + आस्, म्हणजे बाजूला बसलेला, अलिप्त. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी' मध्ये दुःखाचा लवलेश नाही. खिन्न जास्त जवळचा आहे. खेद आणि खिन्न एकाच धातूचे, आणि त्या धातूत थकवा आहे.

•

भाऊ, भारीला एवढं हाकलू नका. आमच्या इकडे ताप भरला की अजूनही 'अंग भारी वाटते' म्हणतात.

बाकी डूमबद्दल थोडं. जुन्या इंग्रजीत 'डोम' म्हणजे निवाडा. १०८६ साली इंग्लंडात राजानं जमीन-महसुलाची जी मोठी वही करवली तिला लोक डूम्सडे म्हणू लागले, कारण त्यात लिहिलेलं फिरवता येत नव्हतं. मला लगेच सातबारा आठवला. त्यावर कर्जाची नोंद होते तेव्हा आपण 'बोजा चढला' म्हणतो. वडिलांच्या उताऱ्यावर तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दहावीत होतो. उतारा हातात कागदासारखा हलका होता, म्हणून तो शब्द समजायला वेळ लागला. हेवीला माझ्याकडून बोजा.

•

बोजा वाचून थांबलो. तरी मला हवा होता तो शब्द काल वावरातच सापडला : झड.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या सुमारास पाऊस लागतो तो कोसळत नाही. ना गडगडाट, ना वीज. चार-चार दिवस एकाच चालीनं बारीक पडत राहतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीत पाय टाकला की चिखल चपलेला धरतो, दुसऱ्या पावलाला आणखी धरतो, आणि बांधापर्यंत पोचताना चप्पल हातात घ्यावी लागते. खालची बोंडं काळी पडून सडायला लागतात. कोणी घाई करत नाही, कारण करण्यासारखं काहीच नसतं. थ्रॅश मेटल, म्हणजे वेगवान, तडाखेबंद मेटल, हा वळवाचा पाऊस आहे; डेथ-डूम, म्हणजे असं घरघरत्या आवाजाचं डूम, ही झड. डूमचं मूळ मानतात त्या ब्लॅक सॅबाथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच पावसाच्या आणि घंटेच्या आवाजानं होते, हे नंतर आठवलं.

म्हणून माझं वाक्य असं : "या अल्बमला झड लागलेली आहे." विशेषण हवं तर 'जड' घ्या. झड आणि जड शेजारी आले की कानालाही बरं वाटतं.

भाचा म्हणाला, "मंग उघडते कधी?" प्रश्न अगदी योग्य. शेवटच्या गाण्यात घरघर थांबते. पियानो, व्हायोलिन, गायकाचं हळू बोलणं आणि एका बाईचा आवाज उरतो. दुःख तसंच असतं, फक्त पाऊस थांबलेला असतो. मी त्याला 'उघडीप' म्हणालो.

•

उघडीप पुस्तकात. वावरात 'उघाड पडली' म्हणतात, तेच लिहा.