पाणथळीचे 'राखणदार' म्हणावं का?

खाडीकाठची
नेरुळला आम्ही काही जण मिळून एक छोटं प्रदर्शन लावतोय. आमच्यातल्या एका चित्रकार मैत्रिणीने इथल्या पाणथळ जागांसाठी झटणाऱ्या नऊ माणसांची पोर्ट्रेटं रंगवली आहेत. खाडीत मासेमारी करणारे एक काका आहेत, पहाटे दुर्बीण घेऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोजणारे निवृत्त मास्तर आहेत, भराव टाकायला आलेल्या डंपरचे नंबर वहीत टिपून ठेवणाऱ्या एक ताई आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत, मराठी माझ्याकडे आलं. 'वेटलँड गार्डियन्स'चं मी 'पाणथळीचे राखणदार' केलं आणि वर शीर्षक दिलं, 'नऊ तसबिरी'.

छापण्याआधी ज्याची त्याला वाचून दाखवावी म्हणून काकांच्या घरी गेले. त्यांच्या आईने ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. "राखनदार तो देव. आमी कोन? आनि माजा पोर जित्ता हाय, त्याची तसबीर कशाला?" काका एवढंच म्हणाले, "पानथल कंचा? आमचं ते खाजन."

एका बैठकीत तिन्ही शब्द गेले. सोमवारी मजकूर छपाईला द्यायचा आहे. सुचवा.

जुना ठाणेकर
तसबीर हा अरबी 'तस्वीर', फारसीतून आपल्याकडे आला. मुळात अर्थ फक्त चित्र. देवादिकांच्या तसबिरी घरोघरी असतातच, त्यात मरणाचा संबंध कुठे? आजींचा मान राखून सांगतो, शब्दात दोष नाही. तरीही खटकत असेल तर 'तैलचित्रे' लिहा. भारदस्त आहे.

खाडीकाठची
ॲक्रिलिकमध्ये आहेत हो सगळी. तेलाचा थेंबही नाही.

शब्दवेडी
आजींचंच बरोबर आहे. कोशात काहीही असो, आज माणसाची तसबीर म्हटली की भिंतीवरचा हार आणि खालची उदबत्ती डोळ्यांपुढे येते. माझ्या सासऱ्यांनी हयातीत स्वतःचा मोठा फोटो फ्रेम करून आणला, तर सासूबाईंनी तो तीन वर्षं कपाटामागे ठेवला. जिवंत माणसाला 'व्यक्तिचित्र'. सोपा, रुळलेला शब्द.

पुस्तकी
व्यक्तिचित्र म्हटलं की मला तरी वाचायचं काहीतरी असेल असं वाटतं. मराठीत हा शब्द लेखकांनी इतका वापरलाय की चित्रकारांच्या वाट्याला फारसा उरलेला नाही. या माणसांचा सन्मान करायचा आहे ना? मग 'मानचित्रे' कसं वाटतं?

जुना ठाणेकर
मानचित्र म्हणजे हिंदीत नकाशा. नवी मुंबईत निम्मे लोक आत येऊन विचारतील, नकाशा कुठे लावलाय?

खाडीकाठची
खरं सांगू, नकाशाही लावायला हवा. या नऊ जणांचं निम्मं भांडण नकाशाशीच आहे. कागदावर ती जागा पाणथळ म्हणून दिसते का, इथूनच सगळं सुरू होतं.

मालवणी मुलूख
राखणदाराबद्दल सांगतो. आमच्या गावाकडे राखणदार म्हणजे जागेवाला. त्याला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. रात्री बांधावरून जाताना त्याचं नाव घेऊन जायचं. त्याचं चित्र काढलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. वडील म्हणायचे, तो दिसला तर काठी आणि घोंगडी, तोंड कधी दिसत नाही. तेव्हा माणसाचा चेहरा रंगवून खाली 'राखणदार' लिहिलं तर त्या आजी कानांवर हात ठेवणारच. त्यांना शब्द नीट कळलाय, म्हणून त्या घाबरल्या.

आता खाजणाबद्दल. गोव्यात आणि आमच्या बाजूला खाजन म्हणजे बांधाच्या आतलं शेत. पावसात भात, बाकीच्या दिवसांत मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, येणाऱ्या पाण्यावर मासळी. तुमचे काका उघड्या खाडीच्या चिखलाला खाजण म्हणत असतील तर ते मला चूक वाटतं.

आगरी पोर
चूक कशी? आमच्याकडे बांधाच्या आतलं ते खार. त्याला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला मिटते, खारं पाणी आत येत नाही. आणि बांधाच्या बाहेर, जिथे भरतीचं पाणी येतं-जातं, तिवर, चिप्पी अशी खारफुटी वाढते, ते खाजण. ण चा न, ळ चा ल होतो, म्हणून 'खाजन'. एकाच किनाऱ्यावर दोन बाजूंना एकच शब्द बांधाच्या दोन बाजूंना वापरतात, त्यात चूक कुणाचीच नाही.

आजोबांच्या सातबाऱ्यावर मात्र ना खार लिहिलंय ना खाजण. तिथे आहे 'पोटखराबा'. पीक येत नाही म्हणून खराबा. त्याच खराब्यातून माझ्या आजीने चिंबोऱ्या आणि निवट्या विकून चार मुलांची शाळा केली. कागदावर खराबा लिहिला की पुढे भराव टाकताना कुणाचा हात थांबत नाही. म्हणून मला या शब्दांचं एवढं पडलंय.

मालवणी मुलूख
'चूक' हा शब्द मागे घेतो. पण मग वाचणाऱ्याला कसं कळणार कुठलं खाजण?

कायदा-कानून
मी 'पाणथळ'च ठेवा म्हणेन, आणि कारण भाषेचं नाही. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या ऐसपैस आहे. नैसर्गिक असो की मानवनिर्मित, गोडं पाणी असो की खारं, वाहतं असो की साचलेलं, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रसुद्धा त्यात येतो. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती वगळली, मिठासाठी, सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली ठिकाणं वगळली. म्हणजे तुम्ही एखाद्या जागेला मिठागर म्हणता की पाणथळ, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, साडेसहा हजार हेक्टर. त्या कामाशी जोडलेला शब्द 'पाणथळ' आहे. फलकावर फक्त 'खाजण' लिहिलंत तर हा धागा तुटतो.

पुस्तकी
पण 'पाणथळ' हे विशेषण आहे! पाणथळ जमीन, पाणथळ जागा. 'पाणथळीचे' हे रूप कानाला टोचतं. पाण आणि थळ, थळ म्हणजे स्थळ. 'पाणथळ जागांचे' लिहा.

शब्दवेडी
विशेषणाचं नाम होणं मराठीला नवीन नाही. 'पडीक' घ्या, त्यावरही आक्षेप घेणार? निदान हिंदीतून आलेल्या 'आर्द्रभूमी'पेक्षा शंभरपट बरं. आर्द्रभूमी ऐकून पाय ओले होत नाहीत.

राखणदार नको असेल तर 'राखण्या' घ्या. राखणे हे रक्षणवरूनच आलंय. आणि विभूतीची राख? तीही 'रक्षा'च. अंगाला लावली की राखते, म्हणून राख.

जुना ठाणेकर
राखेची व्युत्पत्ती सुंदर आहे, पण इथे कशाला? स्मशान आठवेल. आत्ताच तर तसबीर त्याच कारणासाठी काढली.

आगरी पोर
आणि राखण्या म्हणजे भात पिकल्यावर गोफण घेऊन पाखरं हाकलणारा पोर. मी स्वतः केलंय ते काम. मास्तर पहाटे उठून पाखरं मोजतात, पाणी अडलं तर ती येणार नाहीत म्हणून कासावीस होतात. त्यांना राखण्या म्हणायचं?

शब्दवेडी
हे खरंच लक्षात आलं नव्हतं.

कायदा-कानून
'रक्षक'? साधं, सरळ.

खाडीकाठची
रक्षक लिहून काकांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या सोसायटीच्या गेटवर रक्षक आहे, खाकीतला. मग विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणाल? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लिव, खाजनावरचा मानूस."

मला ते फार आवडलं. पण मास्तर खाजणावरचे नाहीत, ते तलावावरचे. डंपरवाल्या ताई सातव्या मजल्यावर राहतात, त्यांनी चिखलात कधी पायही घातलेला नाही. नऊही जणांना एक शब्द हवाच का, असं आता वाटू लागलंय. प्रत्येकाच्या चित्राखाली ज्याचा त्याचा शब्द लिहावा.

कायदा-कानून
आणि 'पाणथळ'?

खाडीकाठची
मोठ्या फलकावर राहील. 'पाणथळ जागांची माणसं', पुस्तकींच्या व्याकरणाने. पोर्ट्रेटला मात्र अजून शब्द नाही. 'चित्रं' एवढंच लिहिलं तर मैत्रीण नाराज होईल, चेहऱ्यांवर तिने सात महिने घालवलेत.

अजून एक. काकांच्या चित्रात खाली कोपऱ्यात चिखलावर बसलेला तो उड्या मारणारा मासा आहे, डोळे वर आलेले. त्याचं एकवचन निवटा की निवटी? मैत्रिणीने 'निवटा' लिहिलंय.

आगरी पोर
निवटी. एक असली तरी निवटी.

मालवणी मुलूख
आमच्याकडे निवटा म्हणणारेही आहेत.

आगरी पोर
तुमच्याकडे खाजणही बांधाच्या आत आहे, दादा. हे चित्र आमच्या काकांचं आहे. निवटी लिहा.