लॅब्राडॉरला डेकेअरला पाठवावं का? (भांडुप, दोघंही नोकरीला)

प्राची_भांडुप

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बंड्या नावाचा दीड वर्षाचा लॅब्राडॉर आहे. नवऱ्याचा मित्र कॅनडाला गेला, तेव्हा तो आमच्याकडे आला. घर वन बीएचके, चौथा मजला. आम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडतो, परत यायला आठ वाजतात. घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे गेलेत. ३४ किलोच्या गड्याने पट्ट्याला हिसका दिला तर त्याच आडव्या व्हायच्या.

सकाळी नवरा त्याला अर्धा तास पळवून आणतो. तरी दुपारी याचे उद्योग सुरू! सोफ्याचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, माझी एक कोल्हापुरी (दुसरी जपून ठेवलीय, कशासाठी देव जाणे) आणि परवा सासूबाईंची जपमाळ. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, दुपारभर भुंकतो. सासूबाईंचं मत: "त्याला काम नाही, म्हणून हे." पटतं, पण लॅब्राडॉरला काम काय द्यायचं?

मुलुंडला एक डेकेअर पाहिलंय. रोज पाठवलं तर महिन्याचा आकडा ऐकून नवरा गप्पच झाला. रोज पाठवायलाच हवं का? आणि पावसाळ्यात काय करता तुम्ही लोक?

शिवाजीपार्ककर

अहो, डेकेअर वगैरे नसती थेरं आहेत. आमच्या वाडीतला मोत्या कुठे गेला होता डेकेअरला? सकाळ-संध्याकाळ मैदानावर न्या, पोटभर खाऊ द्या, झालं.

चाफा_मुलुंड

काका, तुमचा मोत्या दिवसभर वाडीत मोकळा फिरत होता. दारी येणाऱ्या माणसावर भुंकायचा, मांजरामागे धावायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर वास घ्यायचा. बंड्या चौथ्या मजल्यावर बंद दाराआड आहे.

प्राची, माझ्याकडे आधी बीगल होता, आता इंडी (आपला देशी कुत्रा) आहे. दोघेही डेकेअरला गेलेत, म्हणून सांगते. रोज पाठवू नकोस. आठवड्यातून दोन दिवस, तेही लागून नकोत. डेकेअरहून आलेला कुत्रा मेल्यासारखा झोपतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय मजा आली असेल. दहा-पंधरा अनोळखी कुत्र्यांच्या गोंगाटात दिवस काढूनही तसाच झोपतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघ. गाडीत बसायला स्वतःहून उडी मारतो की पलंगाखाली शिरतो, त्यावरून कळेल.

जागा बघायला जाशील तेव्हा रिसेप्शनच्या फोटोंवर जाऊ नकोस. कुत्रे असतात ती खोली बघू दे म्हण. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिर. लादी गुळगुळीत आहे का बघ. वाढत्या लॅबच्या कंबरेला घसरणं वाईट, या जातीत खुब्याचा त्रास आधीच फार. लहान-मोठे कुत्रे वेगळे ठेवतात का, दुपारी सक्तीने झोपवतात का (मोठा कुत्रासुद्धा दिवसात बारा-एक तास झोपतो, तिथे झोपला नाही तर चिडचिडा होऊन येतो) आणि खेळाच्या खोलीत माणूस सतत असतो की कॅमेऱ्यावर भागवतात, हे विचार. लसीचं कार्ड न मागता जे "या, सोडून जा" म्हणतात त्यांच्याकडे तर मुळीच नको.

आता पळवण्याबद्दल. रोज नुसतं पळवलं तर कुत्रा दमत नाही, तयार होतो. आज अर्धा तास पुरतो, पुढच्या महिन्यात पाऊण लागेल. त्याच अर्ध्या तासात पट्टा लांब सोडून त्याला हवं तिथे नाक घालू दे. एका विजेच्या खांबापाशी पाच मिनिटं उभा राहिला तरी ओढायचं नाही. नवऱ्याला कंटाळा येईल, येऊ दे. फक्त अंधार पडल्यावर भांडुप कॉम्प्लेक्सच्या बाजूला नेऊ नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे तिकडे येतात, आणि कुत्रा त्यांचं आवडतं खाणं.

आणि काम म्हणशील तर ते सासूबाईंकडे आहे! बंड्याचं दुपारचं खाणं वाडग्यात देऊच नका. सासूबाईंनी खुर्चीत बसून जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे लपवायचे, टॉवेल गुंडाळायचा आणि "शोध" म्हणायचं. जमलं की पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यात चुरगळलेला पेपर. त्यांना उठायला लागत नाही, याचं नाक पाऊण तास कामाला. लॅब खाण्यासाठी काहीही करतो. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे खाण्यामागे जास्त असतात. ती हाव वापरून घे. पण हे सगळं रोजच्या मापातलंच, वरून खाऊ नाही, नाहीतर वर्षभरात त्याचा पिंप होईल.

एक मात्र सासूबाईंना बजावून सांग: प्रसादाचा शिरा नाही. त्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी घालवू शकतात. कांदाही नको.

गोचीडफोड्या

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजमधून शिकलो, आता ठाण्यात प्रॅक्टिस. चाफाताईंनी बरंच सांगितलं, मी आजारांचं बोलतो.

आधी जपमाळ. प्राचीताई, मणी मोजले का? १०८ असतात. एखादा तुळशीचा मणी बहुधा निघून जाईल, मला भीती दोऱ्याची आहे. दोरा आतड्यात ताणून बसला तर आतडं त्यावर गोळा होतं आणि ऑपरेशनच करावं लागतं. उलट्या, जेवण सोडणं, पोटाला हात लावू न देणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

डेकेअरच्या आधी रेबीज आणि नेहमीची लस पूर्ण हवी. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) वेगळी असते, ती मुद्दाम मागून घ्या. पावसाळ्यासाठी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस. उंदराच्या मुतातून हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो, पायाच्या जखमेतून कुत्र्यात शिरतो आणि कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. लस दरवर्षी, पण ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही. म्हणून डबक्यातून नेऊ नका, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडे करा. तेव्हाच गोचिड्या बघायच्या. कानाच्या आत, बगलेत, बोटांच्या बेचक्यात. भर पावसाच्या दिवशी फक्त शी-शूपुरतं बाहेर, बाकी टॉवेलचा खेळ. काही बिघडत नाही.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात सकाळी सातच्या आत, रात्री नऊनंतर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्या दमट हवेत जिभेवरचं पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे ३३ डिग्रीतही लॅब कोसळलेले पाहिलेत. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, चाल लटपटती: तिथेच पाणी ओता, पंखा लावा, मग रिक्षा शोधा.

सातवा_मजला_घाटकोपर

प्राची, खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टवरून पण बोलतील, तयारीत राहा. प्राणिकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना आहेत: सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. मात्र तुमच्याकडे पालिकेचा परवाना हवा, १८८८च्या महानगरपालिका कायद्यात ती तरतूद आहे. रेबीजचा दाखला जोडून ऑनलाइन होतो. आणि काकांना वर चहाला बोलवा, बंड्याची ओळख करून द्या. आमच्याकडे सूचनांच्या प्रिंटआउटपेक्षा कांदेपोह्यांनी जास्त काम झालं :)

शिवाजीपार्ककर

चाफाताई, मोत्याचा मुद्दा मान्य. पण मांजरामागे धावत नव्हता तो, मांजर त्याच्यामागे धावायचं.

प्राची_भांडुप

सगळ्यांचे आभार! डॉक्टर, दोरा अख्खा सापडलाय, मणी १०६. खातोय-पितोय व्यवस्थित, लक्ष ठेवून आहे. केनेल कफची लस राहिलीय, शनिवारी देतो, डेकेअर त्यानंतरच. आठवड्यातले मंगळ-शुक्र ठरवलेत. नवऱ्याने लगेच हिशेब केला आणि पुन्हा बोलायला लागला.

टॉवेलचा खेळ काल झाला. सासूबाईंनी घड्या इतक्या घट्ट घातल्या की बंड्याने टॉवेल फाडला, आणि त्या त्यालाच शाबासकी देत होत्या. आता विचारतायत, दाण्यांबरोबर काकडी, गाजर लपवलं तर चालेल का?

गोचीडफोड्या

चालेल. छोटे तुकडे, मीठ न लावता. आणि फाटलेल्या टॉवेलचे दोरे उचला.