शिडाच्या बोटीतील शौचालयाची नळी बदलावी काय?

प्रश्न: आमच्या शिडाच्या बोटीतील मैलाटाकी दोनदा धुतली, तरी केबिनमधील दुर्गंधी हटत नाही. नळीच बदलावी लागेल काय?

उत्तर: आधी गरम पाण्यात पिळलेले फडके नळीभोवती गुंडाळावे आणि थंड झाल्यावर हुंगावे, त्याला घाण वास आला, तर तो नळीच्या भिंतीतूनच झिरपतो आहे असे समजावे, मग कितीही धुतले तरी व्यर्थ.

दुसरे उत्तर: ३८ मिलिमीटरची नवी नळी हट्टी असते, म्हणून तिचे टोक गरम पाण्यात मऊ करावे, प्रत्येक जोडाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प आवळावेत आणि मुख्य म्हणजे कुठेही झोळ ठेवू नये, कारण मैला तिथेच साचतो. (जुनी नळी ओढत बसू नका, मी ती सरळ कापूनच काढली.)

प्रश्नकर्ता: फडके नाकापाशी धरवेना. नळी बदलतो.