उकळल्यानं नायट्रेट जात नाही
वरती कोणीतरी लिहिलंय की विहिरीचं पाणी उकळून प्यायलं की झालं, तर भाऊ, जंतू मरतात पण नायट्रेट (सांडपाण्यातून, खतातून पाण्यात विरघळून येणारा क्षार) तसंच राहते, उलट वाफ गेल्यावर थोडं वाढतेच. हायड्रोजिऑलॉजीच्या (भूजलशास्त्राच्या) प्रॅक्टिकलला आम्ही घराजवळच्याच विहिरीत टेप सोडला, पाणी 7 मीटरवर, आणि 12 पावलांवर शेजाऱ्यांचा सेप्टिक टँक! नागपूरच्या पश्चिमेकडे बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ आहे, पाणी वरच्या मुरमातून अन् खडकाच्या फटींतून चालते, वाळूतल्यासारखं नीट गाळून येत नाही, म्हणून घाण लवकर पोचते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, तान्ह्या बाळाच्या दुधाला तर असं पाणी लॅबमधून टेस्ट केल्याशिवाय अजिबात वापरू नका.