लटकते पेट्युनिया मधूनच टकले होऊन राहिले, काय करू?

गच्चीवाली (मनीषनगर):
बाल्कनीत काथ्याच्या दोन १२ इंची हँगिंग बास्केट आहेत. दिवाळीनंतर नर्सरीतून वेव्ह पेट्युनियाची रोपं आणली. डिसेंबरभर असली फुलली की विचारू नका! आता फांद्या हातभर लोंबल्या, फुलं फक्त टोकाला, मधे नुसत्या काड्या. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, फरक नाही. पाणी बोअरचं.

बागवेडा:
भूक लागली असेल. डीएपी खताचे चार दाणे टाका.

निवृत्त_प्रतापनगर:
डीएपी नको बाप्पा! त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणखीच अडते. शिरा हिरव्या अन् नवं पान पिवळं म्हणजे लोहाचीच तक्रार. ते मातीत असते जी, पण बोअरच्या जड पाण्यानं मातीचा सामू (पीएच) चढला की मुळांना उचलता येत नाही. बादलीला पांढरा थर धरते का पाहा. आरओचं वाया जाणारं पाणी तर बिलकुल नको, त्यात क्षार आणखी जास्त. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं द्या. चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) घेताना पाकिटावर ईडीडीएचए वाचून घ्या. ईडीटीएवालं अशा पाण्यात टिकत नाही.

आता टक्कल. सगळं एकदम भादरू नका. एकआड एक फांदी काठापासून चार बोटांवर कापा, उरलेल्या दोन आठवड्यांनी. बोटं चिकट होतील, ते झाडाचंच आहे. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. काथ्या लवकर सुकतो, म्हणून आत भोकं पाडलेलं प्लास्टिक लावा. पाणी द्यायचं की नाही ते बास्केट खालून तळव्यावर तोलून ठरवा, वरची माती पाहून नाही. मिश्रणात काळी माती घातली का?

गच्चीवाली (मनीषनगर):
अर्धी काळीच आहे काका 🙈 बी धरून ठेवू का?

निवृत्त_प्रतापनगर:
मग पुढच्या खेपेला कोकोपीट अन् गांडूळखत. काळी माती जड, अन् सुकली की भेगाळते. वेव्ह संकरित आहे, घरच्या बियांतून तेच येईल असं नाही. मार्चपर्यंत मजा घ्या. मेच्या ४५ डिग्रीत ते काही राहत नाही, बास्केटमध्ये ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावून टाका.

बागवेडा:
मी तर डीएपी टाकलं होतं कालच 😅

निवृत्त_प्रतापनगर:
दाणे दिसत असतील तर वेचून काढा आधी.