सल्ला हवा: ४ नोव्हेंबर १९७१, निक्सन यांच्या एका दिवसाचे सरकारी कागद प्रदर्शनात लावायचे आहेत (बजेट ३००० रुपये)

ग्रंथपाल_तालुका
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात १६ डिसेंबरला, विजय दिवसानिमित्त, छोटं प्रदर्शन असतं. रणगाडे, विमानं आणि शरणागतीच्या सहीचा फोटो दरवर्षी लागतोच. यंदा युद्धाच्या महिनाभर आधीचा एकच दिवस दाखवायचा आहे: गुरुवार, ४ नोव्हेंबर १९७१. इंदिरा गांधी वॉशिंग्टनला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटल्या तो दिवस. त्या भेटीवर नंतर लिहिलेले लेख नकोत, त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये तयार झालेले मूळ कागद हवेत. ते कुठे मिळतात? छापायला परवानगी लागते का? आठवी-नववीची मुलं उभ्या उभ्या वाचतील असं त्यातलं काय निवडावं? छपाई धरून तीन हजार आहेत. त्यापुढे एक रुपयाही मंजूर नाही.

बे_एरियाकर
उत्तम विषय. निक्सन यांची अध्यक्षीय लायब्ररी कॅलिफोर्नियात योर्बा लिंडाला आहे, तिथे एकदा जाच. मी कुटुंबासह जाऊन आलो आहे. बाहेरचं संग्रहालय सगळेच बघतात, मी आत संशोधन कक्षात बसलो. संशोधकाचं कार्ड फुकट मिळतं. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. खोका उघडून एकेक फोल्डर हातात घेण्याची मजा स्क्रीनवर नाही. विमानाचं तिकीट आधी काढलं तर फार महाग पडत नाही.

जुनी_कात्रणं
माझं ऐका, छापील पुस्तक घ्या. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या कागदपत्रांची मालिका काढतं. त्यातला अकरावा खंड अख्खा १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावर आहे, २००५ साली आला. मी तिकडून मागवला. कुरिअरने इतके पैसे घेतले की पुस्तक स्वस्त वाटलं, वर कस्टम्सचा भुर्दंड, आणि कोपरा दुमडलेला आला तो आलाच. तक्रार केली, कुणी दाद दिली नाही. तरी सांगतो, कपाटात तो खंड असणं वेगळंच.

नितळ_पाणी
@जुनी_कात्रणं, तोच खंड परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर अख्खा मोफत आहे, ईबुकसकट. काकांचं बजेट तीन हजार आहे हो. त्याच वर्षी आलेला ई-७ नावाचा जोडखंडही बघा, तो फक्त ऑनलाइन निघाला. टेपांच्या उताऱ्यांसाठी तो जास्त कामाचा.

जुनी_कात्रणं
मोफत आहे ते मलाही माहीत आहे. वाचनालयाला पुस्तक सुचवायचं नाही तर काय सुचवायचं?

फौजी_आबा
१९७१ ला मी पठाणकोटकडे होतो. मेजवान्यांचे कागद लावण्यापेक्षा तालुक्यातल्या जवानांची नावं लावा. आणि लावायचंच असेल तर एक गोष्ट ठळक लिहा: त्या निक्सनने आपल्या पंतप्रधानांना ४५ मिनिटं बाहेर ताटकळत ठेवलं होतं. आमच्या पलटणीत तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

टेपवाला
तुम्हाला हवा तो ऐवज टेपांत आहे. निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१ पासून जुलै १९७३ पर्यंत स्वतःच्याच कार्यालयात छुपं ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं, एकूण सुमारे ३,७०० तास. ओव्हल ऑफिसच्या टेबलात मायक्रोफोन, शेकोटीपाशी मायक्रोफोन, खोलीत आवाज झाला की यंत्र आपोआप सुरू. सोनीची साधी टेपरेकॉर्डरं, पैसे आणि जागा वाचवायला अगदी पातळ फीत आणि अत्यंत मंद वेग, म्हणून आवाज खरखरीत. फोनच्या टेपा सर्वांत स्वच्छ, कॅबिनेट रूमच्या (मंत्रिमंडळाच्या खोलीतल्या) बऱ्याच वाईट. चांगला हेडफोन लागेल. मी कानावर पूर्ण बसणारा घेतला आहे, साडेनऊ हजारांचा, तो डोळे मिटून घ्या. ५ नोव्हेंबरच्या सकाळी निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर आदल्या दिवसाच्या भेटीबद्दल बोलतात ते ऐकवा. इंदिराबाईंना काय काय म्हणाले आहेत! २००५ ला ते बाहेर आलं तेव्हा किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला होता.

सह्याद्री_७१
+१. ५ तारखेची टेप हवीच. लोक त्यासाठीच येतील.

निवांत_वाचक
टेपा निघाल्याच आहेत तर साडेअठरा मिनिटांची कोरी जागाही दाखवा. इंदिराजींचं बोलणं पुसलं असणार असा माझा पहिल्यापासून संशय आहे.

टेपवाला
नाही हो. ती कोरी जागा २० जून १९७२ च्या टेपेत आहे, वॉटरगेटच्या (विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या) घरफोडीनंतर तीन दिवसांची. इंदिरा गांधींच्या भेटीशी तिचा काही संबंध नाही. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

निवांत_वाचक
वेगळा धागा काढतो. पण संशय राहतोच.

अभिलेखवेडी
धागा आत्ता पाहिला. काका, मी अभिलेखागारातच नोकरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला हवा तो पहिला कागद म्हणजे राष्ट्राध्यक्षांची दैनंदिनी. निक्सन यांनी स्वतः लिहिलेली नव्हे. सुरक्षारक्षक, टेलिफोन ऑपरेटर, सचिव यांच्या नोंदी एकत्र करून कर्मचारी ती टाइप करायचे. डावीकडे वेळ: आत किती वाजता, बाहेर किती वाजता. मग फोनचा रकाना, त्यात 'पी' म्हणजे लावलेला आणि 'आर' म्हणजे आलेला, शिवाय स्थानिक की दूरचा. उजवीकडे एका ओळीत काय केलं, कुणाला भेटले. मत नाही, विशेषण नाही. राष्ट्राध्यक्ष एका खोलीतून दुसरीत गेले तरी ओळ पडते. निक्सन लायब्ररीच्या संकेतस्थळावर पंधरवड्याची एक पीडीएफ अशा रीतीने ती ठेवली आहे, १ ते १५ नोव्हेंबर १९७१ ची उघडा आणि ४ तारखेपर्यंत या. पीडीएफच्या सुरुवातीला 'काढून घेतलेल्या कागदांची यादी' असेल तर ती वगळू नका, छापा. सरकार कोणता कागद दाखवत नाही हेही सरकारनेच लिहून ठेवलं आहे, हे मुलांना कळलं पाहिजे. आपल्याकडे या सवयीची फार गरज आहे.

दुसरा कागद, भेटीचं टिपण. अकराव्या खंडात ते आहे: सकाळी १०:२९ ते दुपारी १२:३५, खोलीत चौघं, निक्सन, किसिंजर, इंदिरा गांधी आणि त्यांचे सचिव पी. एन. हक्सर. लक्षात ठेवा, हे टिपण अमेरिकन बाजूने लिहिलं आहे. आपल्या पंतप्रधानांचं म्हणणं त्यात त्यांच्या माणसाच्या हातून उतरलं आहे.

तिसरा, जाहीर भाषणं: सकाळचं हिरवळीवरचं स्वागत आणि रात्रीच्या मेजवानीतली. ती राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत भाषणसंग्रहात आहेत. स्वागताचं भाषण जरूर घ्या. निक्सन बिहारच्या पुराबद्दल सहानुभूती व्यक्त करतात, पूर्व बंगालचं (आजच्या बांगलादेशाचं) नाव काढत नाहीत. उत्तरात इंदिरा गांधी सांगतात की पूर, दुष्काळ, वादळ यांच्या जोडीला आता माणसाने घडवलेली प्रचंड शोकांतिका आली आहे. तेव्हा तिथून आलेले जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात होते. भेट सुरू होण्याआधीच, सगळ्यांसमोर, दोघांचं काय बिनसलं आहे ते या दोन भाषणांत दिसतं.

परवानगीचं: अमेरिकन केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीत केलेल्या कामाला तिकडे कॉपीराइट नसतो. व्हाइट हाउसच्या सरकारी छायाचित्रकारांचे फोटोही त्यात आले. वृत्तसंस्थांचे आणि वर्तमानपत्रांचे फोटो मात्र त्यात येत नाहीत. अडलं तर लायब्ररीला साध्या इंग्रजीत ईमेल करा. चौकशीला उत्तर देणं हे तिथल्या अभिलेखपालांचं कामच आहे, पैसे पडत नाहीत.

फौजी_आबा
ताई, ४५ मिनिटांचं काय? दैनंदिनीत असेलच.

अभिलेखवेडी
आबा, ती गोष्ट सहसा ५ तारखेच्या दुसऱ्या भेटीबद्दल सांगतात, ४ च्या नाही. दैनंदिनीत बघायचं ते असं: ठरलेल्या वेळी राष्ट्राध्यक्ष कुठे होते, कुणाबरोबर होते. पण ती नोंदवही यजमानाची आहे. पाहुणी बाहेरच्या खोलीत किती वेळ बसली होती हे त्यात असेलच असं नाही. त्यासाठी त्यांचं नियोजित वेळापत्रक आणि आपल्या बाजूचे कागद शेजारी ठेवावे लागतील. तेवढं हाती येईपर्यंत मी भिंतीवर लिहिणार नाही.

फौजी_आबा
आम्ही ऐकलेलं खोटं नव्हे.

सह्याद्री_७१
आबांशी सहमत. सगळ्या गोष्टी कागदावर नसतात.

वेळापत्रक
अवांतर: १०:२९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ७:५९. मुलांसाठी दोन्ही वेळा द्या.

नितळ_पाणी
८:५९. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरच्या रविवारी तिकडची उन्हाळी वेळ संपली होती, त्यामुळे फरक साडेदहा तासांचा.

वेळापत्रक
मी नेहमी साडेनऊच धरतो. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो.

नितळ_पाणी
उन्हाळ्यात साडेनऊ. नोव्हेंबरमध्ये भावाला विचारून बघा.

छपाईवाला_दादा
छपाईवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. फ्लेक्स करू नका. टाइपरायटरची बारीक अक्षरं फ्लेक्सवर पसरतात. ए-३ मॅट कागदावर प्रिंट काढून सनबोर्डवर पेस्टिंग करून घ्या. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली उभ्या माणसाला वाचता येत नाही. आणि स्कॅन काळा-पांढरा असला तरी करड्या छटांत छापायला सांगा, नाहीतर पेन्सिलीच्या खुणा उडतात.

बे_एरियाकर
सनबोर्ड पावसाळ्यात वाकतो. योर्बा लिंडाला सगळं काचेमागे आहे.

छपाईवाला_दादा
डिसेंबरात कसला पावसाळा?

दिल्लीकर_मराठी
एक बाजू राहिली. आपल्या बाजूने खोलीत पंतप्रधानांखेरीज फक्त हक्सर होते, आणि त्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टलही धुंडाळा. कायदा आपल्याकडेही आहे, १९९३ चा. नियमांप्रमाणे पंचवीस वर्षांहून जुने कागद वाचायला मिळायला हवेत. प्रत्यक्षात एका कार्यालयाने मला हेलपाटे घालायला लावून शेवटी 'फाइल सापडत नाही' एवढंच लेखी दिलं. परक्या राष्ट्राध्यक्षाने अमुक मिनिटाला कुणाला फोन लावला हे मी घरबसल्या वाचू शकतो, आणि आपल्या पंतप्रधानांचा तोच दिवस वाचू शकत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

अभिलेखवेडी
राग रास्त आहे. पण तिकडेही हे भांडूनच मिळालं. निक्सन यांना ते कागद आणि टेपा स्वतःच्या ताब्यात हव्या होत्या. १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) खास कायदा करून त्या सरकारजमा केल्या, आणि १९७८ च्या कायद्याने पुढच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद मुळातच जनतेच्या मालकीचे ठरवले. त्याआधी राष्ट्राध्यक्ष आपले कागद खासगी मालमत्ता समजून घरी न्यायचे.

जुनी_कात्रणं
हे सगळं अकराव्या खंडाच्या प्रस्तावनेत मिळेल. छापील.

ग्रंथपाल_तालुका
सर्वांचे आभार. सगळं वाचून, पीडीएफ उघडून ठरवलं ते सांगतो.

फक्त दैनंदिनी लावणार. ४ नोव्हेंबरची पानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक पानाशेजारी मराठी अनुवाद. सोबत स्वागताची दोन भाषणं. भेटीचं टिपण, टेपा, फोटो काही नाही. दादांनी सांगितलेली मॅट छपाई आणि सनबोर्ड यात पैसे बसतात. अनुवाद मी आणि शाळेचे इंग्रजीचे सर करतो आहोत. भारतीय वेळेचा रकाना मुलं भरतील, साडेदहा तास मिळवून.

५ तारखेची टेप लावा असं बहुतेकांचं म्हणणं आहे. ती मी ऐकली. त्या शिव्या एकदा भिंतीवर गेल्या की मुलं दुसरं काहीच वाचणार नाहीत, घरी जाऊन तेवढंच सांगतील. एका कोटी माणसांचा प्रश्न घेऊन आपल्या पंतप्रधान तिथे गेल्या आणि समोरच्याच्या दिवसात त्या प्रश्नाला किती तास मिळाले, बाकी दिवस कशात गेला, हे मोजायला मला त्यांना शिकवायचं आहे. दैनंदिनीत ते मोजता येतं.

टेपवाला
मग अर्धं सत्य लावताय. गोड दिसणारं वेळापत्रक दाखवायचं आणि मनातलं लपवायचं. हे मला पटलं नाही.

सह्याद्री_७१
टेपवाल्यांशी सहमत. निदान एक ओळ तरी द्या.

दिल्लीकर_मराठी
मला उलट टिपण वगळलं ते खटकतं. हक्सर खोलीत होते हे मुलांना कळणार कसं?

ग्रंथपाल_तालुका
हक्सर यांचं नाव अनुवादाखालच्या टिपेत देतो, तेवढं मान्य. टेप नाही. आबा, जवानांची नावं वेगळ्या फलकावर लावतो आहोत, तुमच्याकडे तालुक्याची यादी असेल तर पाठवा.

फौजी_आबा
यादी आहे. उद्या व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ४५ मिनिटांचं तोंडी सांगायला मी स्वतः येतो, ते भिंतीवर नाही लावलं तरी चालेल.